आधी शेजारच्याला

बालगृहाच्या कागदपत्रांत एक शब्द फार चालतो : 'रुळली'. मूल येतं, आठ-दहा दिवस रडतं, मग जेवायला लागतं, प्रार्थनेच्या ओळीत उभं राहतं, मावशींनी हाक मारली की ओ देतं. तिमाही अहवालात आपण लिहितो, 'मुलगी संस्थेत रुळली आहे.' एकतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी शेकडो वेळा लिहिलं. त्यातलं एक मला आजही परत घ्यावंसं वाटतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रेल्वे पोलिसांनी दोन मुली आणून सोडल्या. जंक्शनच्या पुलाखाली सापडलेल्या. एक आठेक वर्षांची, दुसरी पाचाची असावी. थोरली अहिराणी वळणाचं बोलायची, धाकटी मोडकं हिंदी. रंगरूपात काडीचं साम्य नाही. तरी विचारलं की दोघी एका दमात सांगायच्या, बहिणी आहोत. थोरलीला न्हाणीघरात नेलं की धाकटी दाराशी उकिडवी बसून राहायची. ताटं दोन वाढली तरी जेवायच्या एकातच. रात्री दोन खाटा दिल्या, सकाळी एक रिकामी.

चौकशीत निघालं की त्या बहिणी नव्हत्या. स्टेशनवरच भेटलेल्या, किती महिन्यांपूर्वी ते त्यांनाही सांगता येईना. थोरलीच्या गावाचा पत्ता लागला. गाव दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून तिला तिकडच्या संस्थेत पाठवायचं ठरलं. कागदोपत्री सगळं बरोबर होतं. नातं नाही, जिल्हा वेगळा, वयोगट वेगळा. मी अभिप्राय लिहिला, 'हरकत नाही.' जीप आली तेव्हा धाकटीला मागच्या अंगणात भोपळ्याचा वेल दाखवायला नेलं होतं. रडारड टाळायची ही युक्ती माझीच. संध्याकाळी ती विचारायला लागली तेव्हा 'ताई गावाला गेलीय, येईल' असं सांगून टाकलं.

पुढचा महिना-दीड महिना ती रोज अर्धी पोळी फ्रॉकच्या खिशात ठेवायची. खिशाला मुंग्या लागायच्या, मावशी ओरडायच्या, ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवायची. मग एक दिवस ठेवेनाशी झाली. सगळी पोळी स्वतः खायला लागली. त्या तिमाहीत मी लिहिलं : रुळली आहे.

पाच-सहा वर्षांनी एका प्रशिक्षण वर्गात एका जुन्या इंग्रजी निबंधाची झेरॉक्स हातात आली. १९५१ साली छापलेला निबंध, लेखिका बालमनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइड आणि परिचारिका सोफी डान. युद्धानंतर इंग्लंडमध्ये आणलेल्या सहा ज्यू मुलांना वर्षभर कसं वाढवलं त्याची हकीकत. परतीच्या एस.टी.त मी तो वाचायला घेतला आणि अर्ध्या वाटेत मिटून पिशवीत टाकला. घरी येऊन रात्री पुन्हा काढला. त्यानंतर तो किती वेळा वाचला याचा हिशेब नाही. त्या सहा मुलांविषयी आणि त्यांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या बायकांविषयी मिळेल ते वाचत गेले.

ही मुलं जर्मन बोलणाऱ्या ज्यू घरांत जन्मली होती. वय वर्षाच्या आतलं असतानाच ती आईबापांवाचून तेरेझिनला पोचली. तेरेझिन म्हणजे प्रागच्या उत्तरेचं जुनं लष्करी गढीचं गाव. नाझींनी १९४१ च्या नोव्हेंबरात ते ज्यूंना कोंडण्यासाठी घेतलं. तिथे आजारपणात, उपासमारीत माणसं मेली आणि जी उरली त्यांतल्या बहुतेकांना गाड्यांत घालून पूर्वेच्या मृत्युछावण्यांकडे पाठवलं गेलं. आईविना राहिलेल्या तान्ह्या मुलांसाठी तिथे एक वेगळा कक्ष होता. सांभाळणाऱ्या बायका स्वतः कैदी, स्वतः अर्धपोटी. आज जी अंघोळ घालतेय ती उद्याच्या गाडीत असू शकते, अशी अवस्था. मुलांना खेळणी नाहीत. बाहेर म्हणजे एक उघडंबोडकं अंगण. आई म्हणजे काय ते या मुलांना ठाऊकच नव्हतं, कारण आई धरून ठेवता येईल एवढा काळ कोणतीच बाई त्यांच्यापाशी टिकली नाही. टिकली ती बाजूच्या खाटेवरची मुलं.

मे १९४५ मध्ये तेरेझिन मुक्त झालं. त्या उन्हाळ्यात प्रागजवळच्या काही गढ्या पोरक्या मुलांसाठी मोकळ्या करण्यात आल्या. हे काम हाती घेणारा प्रशेमिसल पिटर हा चेक ख्रिस्ती कार्यकर्ता. त्यानं ज्यू मुलांना ठेवलं आणि थोड्याच दिवसांत, चहूकडून शिव्या खात, छावण्यांत मरायला टेकलेल्या जर्मन मुलांनाही त्याच छपराखाली आणलं. दोन वर्षांत आठशेहून अधिक मुलं त्या गढ्यांतून गेली. पिटरवर कुणीतरी मराठीत सविस्तर लिहायला हवं.

ब्रिटिश सरकारनं सोळा वर्षांखालच्या १००० मुलांना देशात यायची परवानगी दिली होती. शोधून शोधून ७३२ मिळाली. नाझींनी मारलेल्या ज्यू मुलांची संख्या दहा ते पंधरा लाखांच्या घरात सांगतात आणि इथे परवानगीचे हजारही भरेनात. हा आकडा मला पंधरा लाखांच्या आकड्यापेक्षा जास्त अंगावर येतो. पहिली तीनशे मुलं १४ ऑगस्ट १९४५ ला प्रागहून लष्करी विमानांत बसून इंग्लंडच्या उत्तरेला उतरली. त्यांना विंडरमिअर सरोवराकाठच्या, विमान कारखान्यातल्या कामगारांसाठी बांधलेल्या वसाहतीत ठेवलं. पहिल्याच जेवणाला मोठ्या मुलांनी टेबलावरचा सगळा पाव उचलून शर्टात, उशाखाली दडवला. ज्यांनी बालगृहात काम केलंय त्यांना हे सांगावं लागत नाही. उशीखालचा पाव आणि खिशातली पोळी आम्ही सगळ्यांनी झटकलेली आहे.

यातली सहा अगदी लहान, तीन ते चार वर्षांची मुलं वेगळी काढली गेली. ससेक्स परगण्यातल्या वेस्ट होथली गावात बुलडॉग्ज बँक नावाचं एक घर एका बाईंनी वर्षभरासाठी वापरायला दिलं. खर्च अमेरिकेतल्या एका मदतसंस्थेनं उचलला. १५ ऑक्टोबर १९४५ ला मुलं तिथे आली. सांभाळायला सोफी आणि गरट्रुड डान या बहिणी. दोघी जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या, ज्यू, १९३९ मध्ये निसटून आलेल्या. सोफी परिचारिका, गरट्रुड बालवाडीची शिक्षिका. युद्धाच्या काळात लंडनमध्ये अ‍ॅना फ्रॉइड यांच्या हॅम्पस्टेडच्या शिशुगृहांत दोघींनी काम केलेलं, त्यामुळे बाँबनं घर हरवलेली मुलं त्यांनी पाहिली होती. पण घर कशाला म्हणतात हेच ठाऊक नसलेली मुलं त्यांच्याही वाट्याला पहिल्यांदाच आली.

पहिल्या काही दिवसांत मुलांनी एकूण एक खेळणी मोडली, सामानाची नासधूस केली. मोठ्या माणसांना ती खिजगणतीत धरत नव्हती. जवळ घ्यायला जावं तर चावायची, थुंकायची, 'ब्लोडर ओक्स' म्हणून शिवी द्यायची. मूर्ख बैल. (बैलावरून शिवी द्यायला आपल्याकडची पोरंही मागे नाहीत.) कुत्रं दिसलं की थरथरायची. मोठी मालमोटार दिसली की घाबरायची.

एकमेकांपासून मात्र ती क्षणभर दूर राहायला तयार नव्हती. कुणी एक वरच्या मजल्यावर असेल तर खालची पाच विचारून विचारून बेजार करायची. सहावी मुलगी त्वचेच्या आजारामुळे दीडेक महिना उशिरा पोचली, तर बाकीच्यांनी तिला जागा करून दिली, जणू ती बाजूच्या खोलीतून उठून आली होती. त्यांच्यात पुढारी कुणी नव्हता. एकाला मिळालं आणि दुसऱ्याला नाही म्हणून भांडण नव्हतं. 'पाळीपाळीनं घ्या' हे तर शिकवावंच लागलं नाही, जो तो दुसऱ्याची पाळी धरून बसलेला. आणि जेवताना, डान बहिणींनी टिपून ठेवलंय, स्वतः खाण्यापेक्षा शेजारच्याला देणं त्यांना जास्त महत्त्वाचं वाटायचं. आधी शेजारच्याला, मग स्वतःला.

निबंधात तारीखवार नोंदी आहेत. त्यातल्या मुलांची नावं बदललेली आहेत, म्हणून मी ती इथे घेत नाही. एक मुलगा केकसाठी रडायला लागला, कारण दुसरा तुकडा सगळ्यांना पुरेल एवढा उरला नव्हता. दोन मुलींनी आपापल्या ताटलीतला उरलेला केक त्याला दिला, तो खात असताना त्याला थोपटत बसल्या आणि आपण त्याला किती दिलं यावर समाधानानं बोलत राहिल्या. फिरायला गेल्यावर एकाचे हातमोजे हरवले. दुसऱ्यानं आपले काढून दिले आणि थंडीची तक्रार एकदाही केली नाही. ब्रायटनच्या किनाऱ्यावर एक मुलगी पाण्यात खडे टाकत होती. लाटांना घाबरणारा तिचा सोबती लांब उभा होता. अचानक तो धावत पुढे गेला, 'पाणी येतंय, पाणी येतंय' असं ओरडत तिला मागे ओढून सुरक्षित जागी घेऊन आला. एकदा कुत्रं जवळ आलं. एक मुलगी स्वतः भेदरलेली, तरी किंचाळणाऱ्या मित्रापाशी चालत गेली आणि आपला कापडी ससा तिनं त्याच्या हातात दिला.

आणि ही नोंद : पाहुण्यांनी मुलांना खाऊ दिला. दोघांनी लगेच एका सोबतिणीसाठीही मागितला. ती त्या खोलीत नव्हतीच.

एस.टी.त मी निबंध मिटला तो इथे. त्या थोरलीला पाठवून दिल्यानंतर आठेक महिन्यांनी कामानिमित्त मी त्या दुसऱ्या संस्थेत गेले होते. तिला बोलावून घेतलं, येताना नेलेले राजगिऱ्याचे दोन लाडू तिच्या हातावर ठेवले. तिनं एक ओढणीच्या टोकाला बांधला. तेव्हा मला वाटलं, नंतर खायला ठेवत असेल. निघताना ती फाटकापर्यंत आली, गाठ सोडली आणि लाडू माझ्या पुढे केला. काही बोलली नाही. कुणासाठी ते मला विचारावं लागलं नाही. तो मी पर्समध्ये ठेवला आणि परत आल्यावर धाकटीला दिला नाही. दिला असता तर जखमेची खपली निघाली असती, पुन्हा पोळ्या खिशात गेल्या असत्या, असा विचार मी केला. त्या वेळी मला तो शहाणपणाचा वाटला होता.

अ‍ॅना फ्रॉइड यांनी त्या सहा मुलांविषयी शेवटी जे म्हटलं ते साधारण असं : मुलं अति हळवी आहेत, अस्वस्थ आहेत, आक्रमक आहेत, सांभाळायला अवघड आहेत. पण ती मंद नाहीत, गुन्हेगारी वळणाची नाहीत, वेडी नाहीत. आईवर लावायची माया त्यांनी एकमेकांवर लावली आणि त्या बळावर ती तगली. एवढ्या उलथापालथीत त्यांनी एक नवी भाषासुद्धा शिकून घेतली. आईवेगळं मूल कायमचं बिघडतं, असं त्या काळी शास्त्र म्हणून सांगितलं जात होतं. सहा मुलं म्हणजे काही मोठा पुरावा नाही, हे त्यांनी स्वतः कबूल केलं आहे. मला मात्र त्या पुराव्यापेक्षा डान बहिणींचं कसब मोठं वाटतं. त्यांनी ते कडं फोडलं नाही. 'असं सारखं चिकटून राहू नका, प्रत्येकानं आपापलं शिका' असं म्हणणं किती सोपं होतं. आम्ही तेच तर म्हणतो.

मुलांनी या दोघींना जवळ केलं ते आई मानून केलं नाही. आधी त्यांना टोळीतली आणखी दोन मुलं म्हणून घेतलं. वाटणी करताना त्यांचाही वाटा धरू लागली, त्यांचीही पाळी सांभाळू लागली. पुढे एकेकाला एकेक बाई 'माझी' वाटायला लागली आणि मग मत्सर आला, रुसवेफुगवे आले, चारचौघा भावंडांत होतात तशी भांडणं आली. त्या बायकांना त्यात बरं चिन्ह दिसलं. मूल भांडायला लागलं म्हणजे त्याला आता काहीतरी स्वतःचं वाटायला लागलं, ही नजर कुठल्या अभ्यासक्रमात शिकवता येत असेल असं वाटत नाही.

बुलडॉग्ज बँकेची मुदत वर्षाची होती. पुढचं घर सरे परगण्यात, लिंगफील्ड गावी. वेअर कोर्टनी हा एका धनिक ज्यू उद्योजकाचा बंगला, त्याचा काही भाग त्यानं मुलांसाठी दिला होता. तिथली प्रमुख अ‍ॅलिस गोल्डबर्गर. जन्म १८९७, बर्लिन. बर्लिनमध्ये गरीब, बेकार कुटुंबांच्या मुलांसाठी ती केंद्र चालवायची. हिटलर आल्यावर ज्यू म्हणून काम गेलं. १९३९ मध्ये इंग्लंडला आली, तर १९४० मध्ये इंग्लंडनं तिला 'शत्रुराष्ट्राची नागरिक' ठरवून हजारो इतर जर्मन-ऑस्ट्रियन निर्वासितांबरोबर आइल ऑफ मॅन बेटावर स्थानबद्ध केलं. ज्यांच्यापासून जीव वाचवून पळाली त्यांचीच म्हणून तिला कोंडण्यात आलं. त्या छावणीत आयांबरोबर आलेली मुलं रिकामी भटकताना तिनं पाहिली आणि त्यांच्यासाठी बालवाडी सुरू केली. ती हकीकत अ‍ॅना फ्रॉइड यांच्या कानावर गेली, त्यांनी तिच्या सुटकेसाठी खटपट केली आणि तिला हॅम्पस्टेडला बोलावून घेतलं. कुंपणाच्या आत असताना जिला आधी मुलं दिसली, तिच्या हाती पुढे ही मुलं सोपवली गेली यात मला नवल वाटत नाही.

लिंगफील्डला चोवीसेक मुलं होती. तेरेझिनची होती, कुणाच्या घरात लपवून वाचवलेली होती, ऑशविट्झच्या मृत्युछावणीतून जिवंत परतलेलीही होती. ऑशविट्झहून लहान मूल जिवंत परत येणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. अ‍ॅलिस दर महिन्याला मुलांविषयी अहवाल लिहायची. त्यांतले काही उतारे मी वाचले आहेत आणि वाचून मला माझ्या तिमाही अहवालांची लाज वाटली. मूल काय म्हणालं ते त्यात त्याच्या शब्दांत असतं. रात्री झोपताना आईविषयी काय विचारलं, छावणीविषयी काय सांगितलं, हसता हसता मधेच कशानं थांबलं. 'विसरून जा आता' हा त्या काळचा सर्वमान्य उपाय होता. थोरामोठ्यांनी, चांगल्या मनानं, तोच सांगितला. अ‍ॅलिसच्या घरात मूल बोलायला लागलं की कुणीतरी हातातलं काम ठेवून ऐकायचं.

तात्याना आणि आंद्रा बुची या दोन बहिणी त्या घरात आल्या त्या १९४६ मध्ये. इटलीच्या तेव्हाच्या फ्यूमे शहरातल्या. आई ज्यू, वडील कॅथलिक. एप्रिल १९४४ मध्ये आई, आजी, मावशी आणि मावसभावासह त्यांना ऑशविट्झच्या बिर्केनाऊ छावणीत नेलं. तात्याना सहा वर्षांची, आंद्रा चारांची. दोघींच्या हातावर लागोपाठचे आकडे गोंदले, आंद्राच्या ७६४८३ आणि तात्यानाच्या ७६४८४. आजीला आल्या दिवशीच मारलं. मुलांना आयांपासून तोडून वेगळ्या बराकीत ठेवलं. त्यांची आई कामावरून परतताना जमेल तेव्हा लपतछपत यायची आणि दर वेळी एकच गोष्ट बजावून सांगायची : तुमचं नाव विसरू नका. पूर्ण नाव, रोज म्हणा. मग एक दिवस ती यायची थांबली. मुलींनी धरून चाललं की ती मेली.

त्यांच्या बराकीवरच्या बाईचा या दोघींवर का कोण जाणे जीव होता. तिनं एकदा त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, 'उद्या माणसं येतील, विचारतील, आईला कुणाला भेटायचंय? पुढे जाऊ नका.' मुलींनी हे मावसभावाला, सात वर्षांच्या सेर्जो दे सिमोनेलाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो प्रश्न आला आणि सेर्जो पुढे गेला. आईला भेटायचं होतं त्याला. वीस मुलं अशी निवडली गेली. त्यांना हांबुर्गजवळच्या नॉयनगामे छावणीत नेऊन त्यांच्यावर क्षयरोगाचे प्रयोग केले आणि युद्ध संपायला तीन आठवडे असताना, २० एप्रिल १९४५ च्या रात्री, हांबुर्गमधल्या बुलेनहुझर डाम इथल्या शाळेच्या तळघरात सगळ्यांना फाशी दिलं.

पोरक्या मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकीनं हा प्रश्न एकदा तरी मनाशी घोळवावा. 'आईला भेटायचंय ना? मग चल.' आम्ही मुलांना बदलीच्या गाडीत बसवताना असंच काहीबाही सांगतो. हेतू वेगळा असतो, जमीनअस्मानाचा फरक असतो, मला ते कळतं. पण ज्या मुलाला मोठ्या माणसाचं वाक्य एकदा असं लागलेलं आहे, त्याला दुसऱ्यांदा खोटं सांगायचा अधिकार कुणालाच नाही. भोपळ्याच्या वेलाचाही नाही.

मुक्तीनंतर दोघी बहिणी आधी प्रागच्या अनाथालयात होत्या. तिथे इटालियन विसरल्या, चेक बोलू लागल्या. लिंगफील्डला आल्यावर चेक विसरून इंग्रजी. म्हातारपणी दोघींनी पुन्हापुन्हा सांगितलंय की बालपण त्यांना परत मिळालं ते त्या घरात, अ‍ॅलिसच्या हाताखाली. आणि आईनं पाठ करून घेतलेलं नाव त्यांच्याकडे होतंच. आई मेली नव्हती. तिला दुसऱ्या छावणीत हलवलं होतं, ती वाचली होती, वडीलही युद्धकैदेतून परतले होते आणि दोघं मुलींना शोधत होते. नावावरून माग लागला. अ‍ॅलिसनं मुलींना एक छायाचित्र दाखवलं, आईवडिलांच्या लग्नाचं. ओळखता का, म्हणून विचारलं. दोघींनी ओळखलं.

डिसेंबर १९४६ मध्ये त्या रोमला पोचल्या. स्थानकावर आईवडील होते आणि सोबत रोमच्या ज्यू वस्तीतली कितीतरी माणसं होती. ज्यांची मुलं नेली गेली आणि परत आली नाहीत अशी. त्यांनी मुलींना घेरलं, हातातली छायाचित्रं पुढे करून विचारायला लागली : हिला पाहिलंत का, ह्याला पाहिलंत का. मुलींना इटालियन येत नव्हतं. आईशीही बोलता येत नव्हतं.

माझ्या मनात राहून राहून येतं, या दोघींना प्रागमध्येच वेगवेगळ्या यादीत घातलं असतं तर? एक मोठ्यांत, एक लहानांत? चार वर्षांच्या मुलीनं एकटीनं आपलं नाव किती दिवस धरून ठेवलं असतं?

अ‍ॅलिसच्याही हातात सगळं नव्हतं. बुलडॉग्ज बँकेतल्या मुलांपैकी काहींना पुढे दत्तक घेतलं गेलं. एका मुलीच्या नव्या आईवडिलांनी, लंडनच्या ज्यू जोडप्यानं, तिचं नाव बदललं आणि आधीचं कुणाला सांगायचं नाही असं बजावलं. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. मुलीला धड आयुष्य मिळावं म्हणूनच त्यांनी ते केलं. पण तिचे पाच सोबती त्या नावाबरोबर पुसले गेले आणि पुढे वर्षानुवर्षं तिला ते धागे एकेक करून शोधावे लागले. अ‍ॅलिसनं आपल्या बाजूनं धागा सोडला नाही. १९४८ मध्ये ते घर लंडनलगतच्या आयलवर्थला गेलं, नाव लिंगफील्ड हाउस ठेवलं, १९५७ मध्ये बंद झालं. घर बंद झालं तरी पत्रं, वाढदिवस, लग्नं, बाळंतपणं चालू राहिली. १९७८ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीनं तिच्यावर एक कार्यक्रम केला, तेव्हा ती मुलं, आता चाळिशीकडे झुकलेली, ठिकठिकाणाहून तिच्यासाठी आली. १९८६ मध्ये ती गेली.

हा विषय काढला की आपल्याकडे कुणीतरी कोल्हापूरच्या वळिवड्याची आठवण काढतं. तिथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बरीचशी बायकामुलं, त्यांत अनाथ मुलंही. ती बहुतेक कॅथलिक होती, सैबेरियातून सुटून आलेली, त्यामुळे ही गोष्ट वेगळी आहे. पण एक गोष्ट सारखी आहे आणि कोल्हापूरकरांनी ती अभिमानानं सांगावी : ती मुलं विखुरली गेली नाहीत. त्यांची शाळा, त्यांचं चर्च, त्यांची भाषा, त्यांचे सवंगडी पाच वर्षं एका जागी राहिले. म्हणून तर ती म्हातारी झाल्यावर एकत्र येऊन पंचगंगेकाठी परतून आली.

आमच्याकडच्या नियमांत भावंडांना शक्यतो एकत्र ठेवा असं म्हटलेलं असतं. प्रत्यक्षात मुलांचं बालगृह वेगळं, मुलींचं वेगळं, सहा वर्षांखालचं शिशुगृह वेगळं. बहीण एका गावी, भाऊ दुसऱ्या. दिवाळीत एकदा भेट घडवली तर घडवली. आणि सख्खी भावंडं नसतील तर विचारायलाच नको. स्टेशनवर, फुटपाथवर, ऊसतोडीच्या तांड्यामागे राहून गेलेल्या मुलांनी एकमेकांत जोडलेलं नातं लिहायला फॉर्ममध्ये रकानाच नसतो. नातं : निरंक. मी स्वतः लिहिलंय.

मला यावर उपाय ठाऊक आहे अशातला भाग नाही. खोल्या मर्यादित असतात, मावशी दोन असतात, मुलं चाळीस. पण विचारता तर येतं. मूल आलं की पहिल्या आठवड्यात, नाव-गाव-आईवडिलांच्या आधी, मी विचारायला लागले : तू कुणाबरोबर जेवायचास? रात्री शेजारी कोण असायचं? उत्तर मिळायचंच. जे मूल बापाचं नाव सांगत नाही ते हे सांगतं. फॉर्मच्या समासात मी ती नावं लिहायला लागले. काही अधिकाऱ्यांना ते आवडलं नाही, काहींनी वाचून मान डोलावली आणि तशा सोयी करून दिल्या.

धाकटीचा पत्ता मी पुढे शोधला. अठरा पूर्ण झाल्यावर ती बाहेर पडली होती, लग्न होऊन गुजरातेत गेली होती. थोरलीचा पत्ता लागला नाही. त्या संस्थेच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे 'नातेवाइकांच्या ताब्यात' एवढंच होतं.

निवृत्तीच्या आधीच्या पावसाळ्यात तीन मुलगे आले. दोन सख्खे भाऊ आणि त्यांच्याबरोबर एक तिसरा, ज्याचा त्या दोघांशी कागदोपत्री काही संबंध नव्हता. वयं सात, नऊ आणि अंदाजे सहा. तिसऱ्याला दुसरीकडे पाठवावं असं टिपण आलं. मी तीन पानांचं उत्तर लिहिलं. बालकल्याण समितीसमोर उभी राहून बोलले, आवाज थोडा चढलाही असेल. समितीच्या बाईंनी चष्मा काढून पुसला, टिपण पुन्हा वाचलं आणि आदेशात हातानं एक ओळ वाढवली : 'तिघांना एकत्र ठेवावे.'

त्या रात्री मावशींनी तीन लोखंडी खाटा एकमेकींना लावून मांडल्या, तिन्हींवर वेगळ्या चादरी घातल्या, तीन उशा ठेवल्या. पहाटे मी बघायला गेले. दोन खाटांच्या चादरी जशाच्या तशा होत्या. मधल्या खाटेवर तिघं, सगळ्यात धाकटा मधोमध, आणि तिन्ही उशा त्याच्या भोवती लावलेल्या.